जवळा, चापडा आणि उद्याचे अन्न

कोकणात पावसाळ्याच्या बेगमीला सुका जवळा भरून ठेवतात. तव्यावर कोरडा भाजायचा, हाताने चुरायचा, कांदा, तिखट आणि आमसूल घालून परतायचा. भाकरीबरोबर मग दुसरे काही लागत नाही. हा जवळा कोणी सोलत बसत नाही. कवच, पाय, मिशा आणि काळ्या ठिपक्यासारखे डोळे, सगळे अख्खे पोटात जाते. असा जवळा आवडीने खाणारा माणूस ‘थायलंडमध्ये म्हणे किडे खातात’ असे सांगताना तोंड वाकडे करतो, तेव्हा मला गंमत वाटते. प्राणिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात कीटक आणि कोळंबी-खेकडे ही एकाच घराण्याची मंडळी आहेत. नाकतोडा हा कोळंबीचा जमिनीवर राहायला आलेला भाऊबंद म्हणावा, इतके ते नाते जवळचे आहे. ज्यांच्या अंगावर कोळंबीने पित्त उठते, त्यांनी रातकिड्याच्या पिठापासूनही लांब राहावे, कारण त्रास देणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोघांत जवळपास सारखेच असते. युरोपात कीटकांच्या पदार्थांच्या वेष्टनावर तसा इशारा छापावा लागतो. थोडक्यात, आपल्या शरीराला हे नाते कळते. नडते ते मनाला.

भाषेतही ते दिसते. मराठीत टोळ एकटा फारसा येत नाही. येतो तो टोळधाडीत, नाहीतर टोळभैरवात. किडा डोक्यात वळवळतो, कीड पिकाला आणि दाताला लागते, किडके ते टाकून द्यायचे. अन्न म्हणून कीटकाचे नाव घ्यायला आपल्या शिष्ट भाषेत शब्दच नाही. मधमाशीच्या पोटातून ओकून बाहेर आलेला मध मात्र देवाच्या पंचामृतात असतो. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी पुष्कळदा लाखेची असते आणि लाख म्हणजे कीटकाचा स्राव. आपल्या अन्न-लेबलच्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचे मेण आणि ही लाख नावे घेऊन वगळली आहेत. हिरव्या ठिपक्याला तेवढी सवलत द्यावीच लागते.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. कीटकांबद्दल जे काही कळले ते ग्रंथालयात बसून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून. म्हणून की काय, ‘कीटक हे मांस-मासळीला शाश्वत पर्याय आहेत’ हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मनात आले ते जमाखर्चाचे प्रश्न. कीटकाने खाल्ले काय? तो आला कोणाच्या जागी? आणि नफा कोणाच्या खात्यावर पडला? या लेखात तेवढेच तपासायचे आहे.

कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये व्हिन्सेंट होल्ट याने १८८५ मध्येच ‘किडे का खाऊ नयेत?’ असे विचारणारी एक छोटी पुस्तिका काढली होती. पण आजची लाट उठली ती २०१३ साली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नेदरलँड्समधील वाखनिंगन विद्यापीठाच्या आर्नोल्ड फान हाउस आणि सहकाऱ्यांबरोबर सिद्ध केलेल्या अहवालाने. जगात सुमारे १,९०० जातींचे कीटक खाल्ले जातात आणि २ अब्ज लोकांच्या आहारात ते आहेत, असे त्यात म्हटले होते. हा २ अब्जांचा आकडा पुढे प्रत्येक लेखात, प्रत्येक भाषणात फिरला. त्याला भक्कम मोजणीचा आधार नाही, हे २०२२ मध्ये फान हाउस आणि मूळ अहवालाच्या काही लेखकांनीच लिहून टाकले. ती दुरुस्ती मात्र तेवढी फिरली नाही.

अहवालातला दुसरा गाजलेला आकडा खाद्याचा. कीटक थंड रक्ताचे. अंग गरम ठेवण्यात त्यांचे अन्न खर्ची पडत नाही. त्यामुळे १ किलो वजन वाढायला रातकिड्याला साधारण १.७ किलो खाद्य लागते, कोंबडीला २.५, डुकराला ५ आणि गोमांसाच्या गुराला १०. शिवाय रातकिड्याचा ८० टक्के भाग खाता येतो, गुराचा ४० टक्केच. गुराशी तुलना केली तर हा हिशोब निर्विवाद आहे. वाखनिंगनच्याच २०१२ च्या अभ्यासात मीलवर्म या अळीच्या प्रथिनाला लागणारी जमीन गोमांसाच्या प्रथिनाला लागणाऱ्या जमिनीच्या सातव्या हिश्शाहूनही कमी निघाली. पण आपल्याकडे बहुसंख्य मांसाहारी घरांत शिजते ती कोंबडी, आणि तिथे हिशोब डळमळतो. आजची ब्रॉयलर कोंबडी १ किलो वजनाला २.५ किलो खाद्य खात नाही. कोणताही पोल्ट्रीवाला सांगेल की ते प्रमाण आता पावणेदोन किलोच्या आत-बाहेर आले आहे. म्हणजे खाद्याच्या बाबतीत कोंबडी रातकिड्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आहे. त्याच्या बाजूने उरतो तो खाण्याजोग्या भागाचा फरक.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न खाद्य कोणते, हा. कॅलिफोर्नियातील लंडी आणि पॅरेला या संशोधकांनी २०१५ मध्ये रातकिड्यांचे गट वेगवेगळ्या खाद्यांवर वाढवून पाहिले. धान्यापासून केलेले कोंबडीखाद्य दिले तेव्हा रातकिड्यांनी त्यातल्या सुमारे ३५ टक्के प्रथिनाचे स्वतःच्या प्रथिनात रूपांतर केले. कोंबडीपेक्षा हे थोडेसेच चांगले. आणि शहराचा फारशी प्रक्रिया न केलेला अन्नकचरा किंवा मुख्यतः पेंढा दिला तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक रातकिडे काढणीच्या आकाराला पोचण्याआधीच मेले. ‘कचरा खाऊन प्रथिन देणारा जीव’ ही जाहिरात निदान रातकिड्याच्या बाबतीत फसवी आहे. मका-सोया खाऊन वाढलेला रातकिडा हे त्याच शेताचे आणखी एक पीक होय.

‘वाळवलेल्या कीटकात साठ-सत्तर टक्के प्रथिन’ हेही वाक्य जपून वाचावे. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कीटकाच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. तो काही प्रथिन नव्हे, पण या गुणाकारात प्रथिन म्हणून मोजला जातो. २०१७ मध्ये वाखनिंगनच्याच संशोधकांनी काही अळ्यांवरच्या कामातून ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक सुचवला. तो लावला तर साठ टक्क्यांचे पंचेचाळीस-सेहेचाळीस होतात. वाईट नाही, आपल्या डाळींहून दुप्पट आहे. पण जाहिरातीतला आकडा तो नव्हे.

यावरून मी कीटकपालनाच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. थायलंडमध्ये खोन काएन विद्यापीठाने १९९८ च्या सुमारास रातकिडे पाळण्याची पद्धत शेतकऱ्यांना शिकवली आणि पुढच्या पंधरा वर्षांत असे सुमारे २० हजार पालक तिथे उभे राहिले. परसातले सिमेंटचे हौद, आत अंड्यांचे कागदी ट्रे, दीड-दोन महिन्यांत पीक. हवा मुळातच गरम, म्हणून शेड तापवायला वीज नको. खाणारे गिऱ्हाईकही आधीपासून आहे. २०१७ मध्ये तिथल्या रातकिड्यांची तिथल्याच ब्रॉयलरशी तुलना झाली, तेव्हा पर्यावरणाचा भार रातकिड्यांचा कमी निघाला. आणि त्यातलाही मोठा वाटा पुन्हा खाद्याचाच होता.

युरोपात नेमके उलटे घडले. तिथे गिऱ्हाईक नव्हते आणि ऊबही नव्हती. भांडवल मात्र होते. २०२१ पासून युरोपीय संघाने मीलवर्म, टोळ आणि रातकिडे यांना माणसाच्या अन्नात परवानगी दिली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, पण लोकांनी ताटात घेतले नाही. मग कारखान्यांनी मोर्चा वळवला तो मासे, कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्याकडे. इथे कायद्याची एक मेख आहे. तिथे पाळीव कीटक हे ‘शेतीतील पशू’ मानले जातात, त्यामुळे हॉटेलांतले खरकटे किंवा शेण त्यांना घालता येत नाही. ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळीला तर खरकटे मनापासून मानवते. तिलाही द्यावा लागतो तो गव्हाचा कोंडा नाहीतर बिअरच्या कारखान्यातला चोथा. तो चोथा गाय-डुकरेही खातातच. ज्या वस्तूला दावेदार आहे तिला कचरा कसे म्हणायचे? फ्रान्समधली इन्सेक्ट ही या धंद्यातली सर्वांत मोठ्या नावाची कंपनी. ६० कोटी डॉलरच्या आसपास भांडवल गोळा करून तिने आमियँजवळ प्रचंड कारखाना उभारला. २०२४ मध्ये ती न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेली आणि २०२५ च्या अखेरीस बंद पडली.

तरीही मासळीच्या बाबतीत एक गोष्ट कीटकांच्या बाजूने आहे, आणि ती आपल्या किनाऱ्यालाही लागू पडते. जगभरात पकडलेल्या मासळीपैकी सुमारे दीड-दोन कोटी टन दरवर्षी माणसाच्या ताटात न येता दळली जाते आणि तिचे पीठ व तेल होते. ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीकसारीक मासळी, जिला आपल्याकडे कुटा म्हणतात, तिची वाट हीच. त्या कुट्यात उद्या मोठी होऊन बाजारात आली असती अशी पिल्ले असतात. ती जाते कोंबडीच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात. खरकट्यावर वाढलेल्या अळीचे पीठ या कुट्याच्या जागी आले, तर समुद्राला खरोखर उसंत मिळेल. ‘माणसाने मासळीऐवजी किडे खावेत’ यापेक्षा ‘कोळंबीने पिल्लांऐवजी अळ्या खाव्यात’ हे मला जास्त व्यवहार्य वाटते. अडचण किमतीची आहे. अळीचे पीठ आजवर मासळीच्या पिठापेक्षा महाग पडत आले आहे, कारण पिल्ले गमावल्याचा खर्च समुद्र कोणाला लावत नाही.

*

आता ज्यांच्या ताटात कीटक आधीपासून आहेत त्यांच्याकडे वळू. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया गोंड आणि सीमेपलीकडे बस्तरमधील आदिवासी लाल मुंग्यांची चटणी खातात. बस्तरात तिला चापडा म्हणतात. ही मुंगी कोकणाला अनोळखी नाही. आंब्याच्या फांदीवर पाने जोडून गोळा करणारी आणि हात लागला की कडाडून डसणारी ओंबील ती हीच. कामकरी मुंग्या पानांच्या कडा जवळ ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून, त्यांच्या रेशमाच्या धाग्याने, धोट्यासारख्या फिरवून त्या कडा शिवतात. हे घरटे फांदीसकट तोडायचे, कापडात किंवा टोपलीत झाडायचे, मुंग्या आणि पांढरी अंडी-अळ्या वेगळ्या करायच्या आणि मीठ, मिरची, आले, लसूण घालून पाट्यावर वाटायचे. आंबटपणा मुंगीच्या फॉर्मिक आम्लाचा. चिंच-लिंबू लागत नाही.

जगदलपूरच्या आसपासचे आठवडी बाजार मी तीनदा हिंडलो. तिथली हलबी बोली मराठीची शेजारीण असल्याने बोलणे अडत नाही. चापडा विकायला बसलेल्या एका आजींना मी माझा पुस्तकी प्रश्न विचारला: ‘आजी, हे मांसाऐवजी खाता का?’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘मांस वेगळे, हे वेगळे. मांसाबरोबर पण खातो.’ शेजारच्या बायका हसल्या. त्या एका उत्तराने माझ्या वहीतली बरीच पाने निकालात निघाली. चापडा हे तोंडीलावणे आहे. पेज किंवा भात जड जाऊ नये म्हणून घेतलेला आंबट-तिखट घास. प्रथिनाचा पुरवठा म्हणून तो कोणी खात नाही आणि दोनाभर मुंग्यांत तो होणारही नाही.

इतरत्रही चित्र असेच आहे. मेक्सिकोतील मुंग्यांची अंडी-अळ्या, आफ्रिकेच्या दक्षिणेकडील मोपाने अळी, जपानच्या डोंगरी भागातील गांधीलमाशीच्या अळ्या या हंगामी चैनीच्या वस्तू आहेत. गरिबीमुळे खाल्लेले अन्न म्हणून त्यांच्याकडे पाहणे ही बाहेरच्यांची समजूत. आसामात तर एरी रेशमाचा किडा अनेक घरांत मुख्यतः त्याच्या कोशितासाठी पाळतात. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो, धागा उकलण्याऐवजी कापसासारखा कातावा लागतो, म्हणून आत जीव ठेवून कोष उकळायची गरज पडत नाही. शहरांतल्या दुकानांत हेच कापड ‘अहिंसा रेशीम’ म्हणून विकले जाते. पाळणाऱ्या घरात मात्र कोशित काढून तळलेले असते आणि ते त्यांना कापडाइतकेच, कधी अधिक, मोलाचे वाटते.

आणि जंगलातून आणलेले म्हणजे आपोआप शाश्वत, असेही नाही. मोपाने अळी गावापुरती खाल्ली जात होती तोवर टिकली. शहरांचा बाजार वाढला तशी काही भागांत ती दिसेनाशी झाली. मेक्सिकोतही घरटी ओरबाडल्याने वारुळे मेली. ओंबिलीचे नशीब थोडे बरे. थायलंडमध्ये ओंबिलीच्या वसाहतींवर काम झाले आहे. पावसाआधी राणीच्या अळ्या वाढतात त्या हंगामात फक्त त्या काढल्या, तर कामकरी मुंग्यांची संख्या घटत नाही, असे त्यातून दिसले. कामकरी राहिल्या तर त्या झाडावरची कीड खात राहतात. बाजार मात्र हंगाम विचारत नाही.

*

महाराष्ट्रात कीटकांच्या अन्नाचा सर्वांत मोठा साठा जंगलात नाही. तो मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात, तुतीच्या बागांशेजारी आहे. ‘कोसला’ हा शब्द वाचकांना कादंबरीमुळे ठाऊक. त्याच्या आत जो असतो त्याचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. जालन्यात २०१८ पासून कोषांची बाजारपेठ आहे. धागा काढण्यासाठी कोष गरम पाण्यात शिजवतात, धागा रिळावर जातो आणि कोशित उरते. १ किलो कच्च्या रेशमामागे सुमारे ८ किलो ओले, म्हणजे २ किलो सुके कोशित निघते. २०२२-२३ मध्ये देशात तुतीचे कच्चे रेशीम २७ हजार टनांच्या वर झाले. म्हणजे सुके कोशित ५० हजार टनांहून अधिक. त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिन आणि पाव ते एक तृतीयांश तेल.

माझ्या जमाखर्चात ही सर्वांत स्वच्छ नोंद आहे. तुतीची जमीन, पाणी, मजुरी हे सारे रेशमाच्या खात्यात आधीच खर्ची पडले आहे आणि जीवही गेला आहे. कोरियात हेच कोशित उकडून, मसाला लावून रस्त्यावर विकतात, डब्यांतही मिळते. आपल्याकडे ते कोंबडी-मासळीच्या खाद्यात, तेलात किंवा सरळ खतात जाते. माणसाच्या अन्नात ते आणायचे तर अडचणी साध्या पण खऱ्या आहेत. तेलामुळे ते काही तासांत खवट होऊ लागते आणि त्याचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. धागा काढण्याचे पाणी आणि भांडी अन्नाच्या स्वच्छतेची नसतात. किड्यांच्या संगोपनगृहात जंतुनाशके वापरलेली असतात. रिळाच्या शेजारीच वाळवणयंत्र बसवले तर निदान खवटपणाचा प्रश्न सुटेल. भंडारा-गडचिरोलीत टसर पाळणारे ढीवर आहेत. त्यांचा व्याप लहान असल्याने सुरुवात तिथून सोपी पडेल, असे मला वाटते.

रसायनांचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. मे २०२० मध्ये टोळांचे थवे अमरावती, नागपूरपर्यंत आले तेव्हा ‘पकडून खा की’ असा विनोद फिरला. पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यात त्याच वर्षी तो विनोद नव्हता. रात्री झाडांवर विसावलेले टोळ शेतकऱ्यांनी किलोला २० रुपये दराने पकडून दिले आणि ते कोंबडीखाद्यात गेले. पण ते जमले, कारण तिथे फवारणी होऊ दिली नव्हती. एकदा मॅलॅथिऑन पडले की टोळ कोणाच्याच खाण्याचा राहत नाही. फवारे आणि फुकटचे प्रथिन एकाच शेतातून मिळत नाही.

राहिला प्रश्न जीवांच्या संख्येचा. माळकरी घरातल्या माझ्या एका मित्राने विचारले, ‘एका बोकडात गाव जेवते, तुझ्या एका किलोत किती जीव?’ रातकिडे असतील तर हजाराहून अधिक. त्यांना वेदना होते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे आणि शेवंड यांना संवेदनक्षम प्राण्यांत धरले; कीटकांना धरले नाही. कोळंबी-नाकतोड्याचे नाते लक्षात घेता ही रेघ किती टिकेल, सांगवत नाही. म्हणूनही मला कोशिताचा मार्ग बरा वाटतो: तिथे नवी हत्या नाही.

आणि नफ्याचे खाते? ओडिशातील मयूरभंजच्या ‘सिमिलीपाल काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मागणारी संस्था तिथलीच होती, ही समाधानाची गोष्ट. पण मानांकन नावाचे रक्षण करते. झाडावर चढण्याच्या हक्काचे नाही. तो हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात शोधावा लागतो. त्यातली गौण वनोपजाची व्याख्या मोठी मजेशीर आहे. सुरुवातीला म्हटले आहे ‘वनस्पतिजन्य’, आणि पुढे यादीत बांबू, तेंदूपाने, औषधी वनस्पती यांच्या बरोबरीने टसर, कोष, मध, मेण आणि लाख आहे. पाच वस्तू कीटकांच्या. ज्यांचे कापड होते, औषध होते, पॉलिश होते ते कीटक कायद्याला दिसले. जिची चटणी होते ती मुंगी त्या यादीत नाही. चापड्याला शहरात भाव येऊ लागला तर घरटी उतरवण्यावर पहिला दावा कोणाचा, असा वाद उद्या गडचिरोलीतही उभा राहील. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ज्या काही गावांचे आराखडे मी पाहिले, त्यांत बांबू, तेंदू आणि मोहाच्या नोंदी होत्या, ओंबिलीची एकही नव्हती. कायद्यातली ती यादी ‘इत्यादी’ने संपते. कोणत्या झाडांवरची घरटी, कोणत्या महिन्यात, किती उतरवायची, याचा ठराव एखाद्या ग्रामसभेने व्यापारी येण्याआधी करून ठेवायला हवा.